खुले आहे, पण कुणाला? ओपन सोर्स, सरकार आणि आपण

(पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘ओपन सोर्स आणि सध्याचे राजकारण’. संयोजकांनी सांगितले, गप्पांसारखे बोला, व्याख्यान झोडू नका. ते मला सोयीचेच आहे, कारण मी अभ्यासक नाही. सर्व्हर चालू ठेवणे आणि बंद पडले तर रात्री उठून ते पुन्हा चालू करणे, हे माझे पोटापाण्याचे काम. ते करता करता जी मते बनली ती सांगतो. पटली नाहीत तर शेवटी भांडा, त्यासाठी वेळ राखून ठेवली आहे.

इथे बसलेले बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत. म्हणून मी सुरुवात कॉम्प्युटरपासून न करता एका वहीपासून करतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात गावात सावकाराकडे एक वही असायची. घेतले किती, फेडले किती, व्याज कुठल्या हिशेबाने लावले, सगळे त्या वहीत. वही त्याची, अक्षर त्याचे, आणि आपला फक्त अंगठा. आपल्या माणसांना वाचता येत नव्हते हा अर्धा प्रश्न. वाचता येणारा कुणी सोबत नेला तरी सावकार वही उघडून दाखवेलच असे नाही, हा उरलेला अर्धा. शिक्षणाने आपण पहिला अर्धा सोडवत आणला आहे. आज मला दुसऱ्या अर्ध्याबद्दल बोलायचे आहे.

सोर्स कोड म्हणजे ही वही समजा. कुठल्याही प्रोग्रामचे नियम माणसाने माणसाला वाचता येतील अशा भाषेत आधी लिहिलेले असतात. अमुक रकाना रिकामा असेल तर अर्ज नाकारा, उत्पन्न अमुक रकमेच्या वर असेल तर नाव वगळा, असे. मग त्याचे मशीनच्या भाषेत रूपांतर होते आणि ते आपल्या हातात येते. बंद सॉफ्टवेअरमध्ये फक्त ते रूपांतर मिळते, वही कंपनीच्या कपाटात राहते. ओपन सोर्समध्ये वही सोबत मिळते.

याची सुरुवात एका प्रिंटरवरून झाली असे सांगतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत एक नवा प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरने जुन्या प्रिंटरसाठी स्वतः लिहिली होती. नव्याचा कोडच मिळेना. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढले आणि १९८९ मध्ये जीपीएल नावाचे लायसन्स आणले. त्याच्या मुळाशी चार हक्क आहेत : प्रोग्राम हव्या त्या कामासाठी चालवण्याचा, तो आतून वाचून समजून घेण्याचा, त्याच्या प्रती वाटण्याचा, आणि बदल करून ते बदलही वाटण्याचा. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएलखाली आणले. तुमच्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. ‘ओपन सोर्स’ हा शब्द मात्र १९९८ मधला. ‘फ्री’ म्हटले की कंपन्या बिचकतात, म्हणून तो निवडला गेला. म्हणजे नाव ठेवण्यातही राजकारण होतेच.

आता सरकारकडे येऊ.

सरकारची वही पूर्वी तलाठ्याकडे होती, शाळेच्या कारकुनाकडे होती, रेशन दुकानदाराकडे होती. त्यांनी आपल्याला कमी छळले असे माझे म्हणणे नाही. पण समोर माणूस होता. त्याच्याशी भांडता येत होते, चार माणसे घेऊन जाता येत होते, मोर्चा काढता येत होता. आज खिडकीवर जा, एकच वाक्य ऐकू येते : ‘सिस्टिम घेत नाही.’ जातीच्या दाखल्यावर आडनाव एका प्रकारे आणि आधारवर दुसऱ्या प्रकारे, सिस्टिम घेत नाही. वडिलांचे बोट मशीनवर उमटत नाही, सिस्टिम घेत नाही. खिडकीतला माणूसही खरेच सांगत असतो, त्यालाही आतले काही माहीत नसते. नकार मिळतो, पण नकार देणारा सापडत नाही.

हे नुसते गैरसोयीचे प्रकरण नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी मरण पावली. घरचे रेशनकार्ड आधारला जोडलेले नाही म्हणून कित्येक महिने धान्य मिळाले नव्हते. मृत्यू मलेरियाने झाला असे सरकारचे म्हणणे, ती भुकेने गेली असे आईचे म्हणणे. कार्ड बंद झाले होते याबद्दल मात्र वाद नव्हता. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइल ॲपवर सक्तीची झाली, दिवसातून दोन वेळा फोटोसकट. जिथे नेटवर्क नाही तिथे दिवसभर माती उपसलेल्या बाईची हजेरी लागत नाही, असे मजुरांच्या संघटना तेव्हापासून सांगत आल्या. तेलंगणामध्ये कॉम्प्युटरने वेगवेगळ्या नोंदी जुळवून लाखो रेशनकार्डे रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने अशा सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करायला सांगितले. कॉम्प्युटरने काढलेला निष्कर्ष खरा की खोटा, हे पाहायला शेवटी माणसालाच दारात पाठवावे लागले.

आपल्याकडे अडाणीपणा आहे म्हणून असे होते, असे कुणाला वाटत असेल तर ब्रिटनच्या पोस्टाचे प्रकरण वाचा. तिथे होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली. छोट्या पोस्ट कार्यालयांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. पोस्टमास्तर सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत, मशीन चुकते आहे. न्यायालयांनी मशीन बरोबर धरले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. त्यांत भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांतलेही अनेक होते. २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून उरलेल्यांच्या शिक्षा पुसाव्या लागल्या. इतकी वर्षे का लागली? एक कारण साधे आहे. आरोपीला प्रणालीच्या आत डोकावता येत नव्हते.

म्हणून माझे पहिले मत असे की, ज्या सॉफ्टवेअरने नागरिकाला धान्य, मजुरी, शिष्यवृत्ती किंवा प्रवेश मिळतो वा नाकारला जातो, ते सॉफ्टवेअर म्हणजे कायदाच आहे. आणि कायदा राजपत्रात छापावा लागतो. गुप्त कायद्याने कुणाला शिक्षा करता येत नाही, मग गुप्त कोडने उपाशी कसे ठेवता येते?

हे मागणे नवे नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यांचा मुद्दा असा होता की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावर तो खर्च होतो वरच्या वर्गांसाठी. ज्याचा पैसा त्याचे शिक्षण, हा त्यांचा न्याय. तोच न्याय इथे लावा. पोर्टल बनवायचे कंत्राट जनतेच्या पैशातून दिले जाते. मग त्याचा कोड जनतेचा का नाही? युरोपात आज ‘सार्वजनिक पैसा, सार्वजनिक कोड’ अशी मोहीम चालते. आपल्याला ती परकी वाटायचे कारण नाही, आपल्याकडे तिचा युक्तिवाद १४० वर्षांपूर्वी मराठी माणसाने मांडून ठेवला आहे.

आणि सरकारने हे कागदावर मान्यही केले आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. ई-गव्हर्नन्सच्या प्रणालींमध्ये बंद सॉफ्टवेअरपेक्षा ओपन सोर्सला पसंती द्यावी, असे ते सांगते. त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनचे कोड खुले करण्याचे वेगळे धोरणही आले. दहा वर्षे होऊन गेली. तुम्ही शिष्यवृत्तीचा अर्ज ज्या पोर्टलवर भरलात, त्याचा कोड कुणी पाहिला आहे का? हात वर करा. नाही ना?

दबाव आला की मात्र दार उघडते. आरोग्य सेतू ॲप २ एप्रिल २०२० ला आले, काही काळ ते कर्मचाऱ्यांना सक्तीचेही होते. हे आमच्याबद्दल काय गोळा करते ते दाखवा, अशी ओरड झाली. २६ मे २०२० ला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला करण्यात आला. सर्व्हरवर काय चालते ते तेव्हाही झाकलेलेच होते, तरी आठ आठवड्यांत जे झाले ते मागण्यामुळे झाले.

मतदान यंत्राचा प्रश्न तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. नुसता कोड खुला केला म्हणजे प्रश्न मिटत नाही. कागदावर दाखवलेला कोड आणि मशीनमध्ये बसवलेला कोड एकच आहे, हे मतदाराला कसे कळणार? मला जर्मनीच्या घटना न्यायालयाचा ३ मार्च २००९ चा निकाल महत्त्वाचा वाटतो. त्याचा गाभा असा : मतदान आणि मोजणीतल्या महत्त्वाच्या पायऱ्या सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आल्या पाहिजेत. हा निकष फक्त निवडणुकीपुरता ठेवू नका. रेशनलाही लावा. कोड खुला असला तरी माझी आई तो वाचणार नाही. तिला हवे आहे तिच्या भाषेत लिहिलेले कारण आणि ते खोडून काढायला समोर एक माणूस. कोड खुला हवा तो यासाठी, की तिच्या वतीने तुम्ही तो वाचू शकाल.

आता अलीकडचे राजकारण. जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या भारतातल्या तेल कंपनीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. कारण होते युरोपीय संघाचे निर्बंध. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. आपल्याच देशात बसून, आपलेच ईमेल आपल्याला उघडता येत नाहीत, ही गोष्ट सगळ्यांना टोचली. मग स्वदेशीचा गजर सुरू झाला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी आपण झोहोवर गेल्याचे जाहीर केले, गृहमंत्र्यांनी आपला ईमेलही तिकडे नेला.

भारतीय कंपनीने चांगले सॉफ्टवेअर बनवले याचा आनंद मलाही आहे. पण स्वदेशी आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. त्या कंपनीची ईमेल आणि ऑफिसची मुख्य सॉफ्टवेअरेही बंदच आहेत. कपाट परदेशातून देशात आले, किल्ली मालकाकडेच राहिली. आपल्या लोकांना हे नवे नाही. गावचा सावकार शंभर टक्के स्वदेशी होता. सत्ता परक्याकडून आपल्या म्हणवणाऱ्याकडे आली म्हणजे आपोआप आपल्याकडे येत नाही, हे बाबासाहेबांनी स्वातंत्र्याच्या चळवळीलाच विचारलेले आहे.

उलट बाजूही पाहा. सरकारी संस्था सी-डॅकने बनवलेली बॉस ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन लिनक्सवर उभी आहे. जगभरच्या लोकांनी लिहिलेली आणि तरीही आपल्या हातात पूर्ण वही असलेली. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी कॉम्प्युटर लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला. आणि घरचे उदाहरण केरळचे. तिथल्या सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर शिक्षण कित्येक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, त्यासाठी मल्याळममध्ये चालणारी लिनक्सची खास आवृत्ती आहे. मल्याळमचे फाँट आणि टंकलेखनाची साधने स्वयंसेवकांच्या गटाने २००२ पासून घडवत आणली. मच्छीमाराच्या मुलीला कॉम्प्युटर पहिल्यांदा भेटतो तो तिच्या भाषेत बोलतो.

मराठीचे काय? युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे प्रत्येक डीटीपीवाल्याचा फाँट वेगळा आणि विकत घ्यायचा. त्या फाँटमध्ये जुळवलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा काला. चळवळीतली कितीतरी छोटी मासिके, स्मरणिका, परिषदांचे अहवाल अशा फाइलींमध्ये अडकले आहेत. कागद वाळवी खाते, बंद फाँट त्याहून लवकर खातो. आज मुक्त लायसन्सचे चांगले देवनागरी फाँट आहेत, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हा त्यातला एक. फुकट मिळतो, एवढेच नाही, उद्या ती संस्था बंद पडली तरी तो कुणी काढून घेऊ शकत नाही.

इतका वेळ मी ओपन सोर्सची बाजू घेतली. आता तिची परीक्षा घेऊ.

महाडच्या चवदार तळ्याच्या तारखा लक्षात घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला ऑगस्ट १९२३ मध्ये. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला जानेवारी १९२४ मध्ये. म्हणजे कागदावर तळे खुले होते. आणि बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले २० मार्च १९२७ ला. मधली तीन वर्षे ते ‘ओपन’ तळे कुणासाठी ओपन होते? ओंजळभर पाणी प्यायल्यावर काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. त्याच वर्षी नगरपालिकेने ठरावही मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये.

ओपन सोर्सच्या जगात कुणी तुम्हाला सांगेल, ‘इथे जात नाही, धर्म नाही, फक्त तुमचा कोड बोलतो’, तर त्याला या तारखा सांगा. दार उघडे असणे आणि आत जाता येणे यात अंतर असते. हे काम बहुतांशी विनामोबदला असते. ज्याला संध्याकाळी शिकवण्या घ्याव्या लागत नाहीत, घरी पैसे पाठवावे लागत नाहीत, ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आणि एक दार बंद होणारी खोली आहे, त्याच्याकडे फुकट काम करायला वेळ असतो. चर्चा इंग्रजीत आणि इंग्रजीही खास वळणाची, फटकन अपमान करणारी. आणि तुमचे काम स्वीकारायचे की नाही हे ठरवणारा शेवटी एक माणूसच असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले की प्रकल्पाला नवख्या असलेल्या स्त्रियांचे काम, त्या स्त्रिया आहेत हे कळत नव्हते तेव्हा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले आणि कळत होते तेव्हा कमी. आडनावाचा असा अभ्यास आपल्याकडे व्हायला हवा. तुमच्यापैकी कुणीतरी तो करावा.

या जगाचा आवडता शब्द आहे ‘मेरिटॉक्रसी’, गुणवत्तेचे राज्य. गंमत अशी की हा शब्द ज्या पुस्तकामुळे रूढ झाला ते मायकल यंग यांचे १९५८ चे पुस्तक ही त्या कल्पनेची टवाळी होती. गिटहब कंपनीच्या कार्यालयात हा शब्द विणलेला गालिचा होता, टीका झाल्यावर २०१४ मध्ये तो काढला. आपल्याकडे गुणवत्ता या शब्दाचा इतिहास सांगायची गरज नाही, प्रवेशाच्या दिवशी तो तुम्ही ऐकलेला आहे. आणि हा शब्द विमानात बसून परदेशीही जातो. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर जातीय भेदभावाचा दावा लावला. दोन वरिष्ठांवरचे आरोप २०२३ मध्ये मागे घेतले गेले, पण सिलिकॉन व्हॅलीत जात आहे का, हा प्रश्न त्या दाव्याने न्यायालयाच्या कागदावर आणला.

फुकट श्रमाच्या कौतुकाबद्दलही आपण सावध असावे. सेवा, समर्पण, कर्तव्य म्हणून राबवून घेण्याचा अनुभव आपल्याइतका कुणाला नाही. महार वतनाच्या विरोधात बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधेयक आणले ते याचसाठी. ओपन सोर्समध्ये स्वयंसेवक राबतात आणि त्यावर कंपन्या उभ्या राहतात. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या प्रोग्राममध्ये मुद्दाम घुसवलेले चोरदार सापडले. जगभरचे सर्व्हर ज्यावर विसंबून होते तो प्रोग्राम एक थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, मदतीला आलो म्हणून त्याचा विश्वास मिळवून कुणीतरी हे केले. ते सापडले कोड उघडा होता म्हणून. घुसले ते त्या माणसाला कुणी विचारत नव्हते म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आणि ठराव मागे घेण्याचे प्रकार इथेही होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या लोकप्रिय साधनाचे लायसन्स बदलून त्यावर बंधने घातली. मार्च २०२४ मध्ये रेडिसने तेच केले. पण इथे एक फरक पडला, तो मला मोलाचा वाटतो. आधी खुल्या दिलेल्या आवृत्त्या कंपनीला परत घेता आल्या नाहीत. लोकांनी त्या उचलल्या आणि ओपनटोफू व व्हाल्की या नावांनी स्वतंत्रपणे पुढे नेल्या. सरकारे बहिष्कार घालतात तेव्हाही हेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांमुळे लिनक्सच्या देखरेखदारांच्या यादीतून काही रशियन नावे वगळली गेली. ओपन सोर्स राजकारणाच्या बाहेर नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. त्या माणसांचा मान गेला, पण लिनक्सची प्रत वापरण्याचा, बदलण्याचा त्यांचा हक्क गेला नाही. मालकाची मर्जी आणि लेखी हक्क यांतला हा फरक आहे. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून आपल्याला तो वेगळा समजावून सांगावा लागू नये.

एक इशारा. या चळवळीतही देव बनवू नका. स्टॉलमनने जे केले ते मोठे आहे. २०१९ मध्ये लैंगिक शोषणाच्या एका प्रकरणावरच्या त्याच्या वक्तव्यांमुळे त्याला पदे सोडावी लागली. २०२१ मध्ये तो फाउंडेशनच्या मंडळावर परतला तेव्हा अनेकांनी उघड विरोध केला, आणि तो योग्य होता. लायसन्स वापरा, माणसाची आरती करू नका. राजकारणातली भक्ती कुठे नेते, हे नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत सांगून झालेले आहे.

मग करायचे काय? चार गोष्टी सांगतो, सगळ्या तुमच्या आवाक्यातल्या.

पहिली, वाचायला शिका. सगळ्यांनी प्रोग्रामर व्हायची गरज नाही. कायदा शिकणारे, समाजशास्त्र शिकणारे, मराठी शिकणारे यांनी एखाद्या नियमाचा कोड कसा होतो एवढे समजून घेतले तरी पुरे. जो कायदा वाचू शकतो तो हेही वाचू शकतो. गटाने शिका, आठवड्याला दोन तास. एकट्याने शिकताना अडले की वाटते आपल्यातच काही कमी आहे. चौघे अडले की कळते, पुस्तकच वाईट लिहिले आहे.

दुसरी, माहितीचा अधिकार वापरा. तुमच्या विद्यापीठाच्या, समाजकल्याण खात्याच्या पोर्टलबद्दल विचारा : कंत्राट कुणाला दिले, किती रकमेचे, सोर्स कोडची मालकी कुणाची, २०१५ च्या धोरणानुसार ओपन सोर्सचा विचार झाला होता का, आणि गेल्या वर्षी किती अर्ज कोणत्या नियमाने आपोआप नाकारले गेले. कलम ८(१)(ड) दाखवून, व्यापारी गुपित आहे, असे उत्तर येईल. तिथे थांबू नका. व्यापक लोकहित असेल तर माहिती द्यावी लागते असे तेच कलम सांगते. अपील करा. नकार आला तरी तो लेखी असेल. ‘सिस्टिम घेत नाही’ या तोंडी वाक्यापेक्षा लेखी नकार कितीतरी कामाचा.

तिसरी, आपले साहित्य आपल्या ताब्यात ठेवा. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. १९३६ मध्ये लाहोरच्या मंडळाने परिषदच रद्द केली तेव्हा बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. त्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसऱ्याच्या मंचावर आपली जागा त्याच्या मर्जीवर असते, हे त्यांनी दोनदा अनुभवले आणि दोन्ही वेळा उत्तर दिले ते स्वतःच्या छपाईने. आज आपले बहुतेक लिखाण, गाणी, सभांची चित्रणे चार परदेशी कंपन्यांच्या पानांवर आहेत. तिथे जरूर ठेवा, लोक तिथेच आहेत. पण एक प्रत आपल्या साइटवर, युनिकोडमध्ये, कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवा. जुन्या फाँटमधल्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणायचे काम तर तुमच्यापैकी मराठीचे कुणीही आजपासून सुरू करू शकते. तेही ओपन सोर्सचेच काम आहे आणि तिथे तुमची मुलाखत घ्यायला कुणी बसलेले नाही.

चौथी गोष्ट राजकारणाची. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, आपल्या पक्षांना तर आधी, दोन मागण्या द्या. सार्वजनिक पैशातून झालेला कोड सार्वजनिक करा. आणि लेखी कारण व दाद मागायला माणूस, या दोन गोष्टींशिवाय कोणत्याही मशीनला कुणाचा हक्क नाकारू देऊ नका. रस्ता, पाणी, वीज यांच्या यादीत ही ओळ आजवर नव्हती. ती घालायचे काम आपल्या पिढीचे आहे, कारण त्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना आपण आहोत. रांगेत आपले आईवडील उभे असतात आणि आत कोड लिहायला, तो तपासायला, तो राबवायला आता आपल्यातली मुले-मुली जाऊ लागली आहेत. तुमच्यापैकी कुणी उद्या त्या खुर्चीवर बसला आणि अर्ज नाकारणारी ओळ लिहायची वेळ आली, तर तिच्या शेजारी नकाराचे कारण मराठीत छापणारी दुसरी ओळ लिहा. ती लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता प्रश्न विचारा. भांडणाऱ्यांना आधी संधी.

जय भीम, जय जोती, जय सावित्री.